अटी निवडताना

गोरेगाव म्हटलं की लोकांना लोकल गाडी आठवते. आमचं गोरेगाव ते नव्हे. आमचं गोंदिया जिल्ह्यातलं, तालुक्याचं, धानाच्या बांध्यांमधलं. इथे गर्दी नाही; त्यामुळे ज्याच्याशी बोलणं बंद, नेमका तोच रोज समोर येतो. असो.

मुलीचं लग्न ठरलं आणि नातेवाइकांच्या अटी यायला लागल्या. आत्याबाई म्हणाल्या, पंगत बसवा, नाहीतर आग्रह करायला धाकटा तरी हवा. मामाजींना बुंदी किंवा शिरा हवा. त्यांच्या चिरंजीवांना बुंदी, शिरा किंवा जिलेबी, काहीही चालणार होतं. बँड हवा म्हणणारे पुष्कळ, नको म्हणणारा एकही नाही. मी वहीत हो-नाहीचे 20 प्रश्न मांडले आणि एकेक जुळणी तपासू लागलो. तिसऱ्या रात्री मुलगी म्हणाली, "बाबा, जुळण्या 10,48,576 होतात. लग्न मे महिन्यात आहे."

ती नागपुरात कॉम्प्युटर शिकलेली. सगळ्या अटी एकदम पाळता येतील का, हा म्हणे तिच्या शास्त्रातलाच नावाजलेला प्रश्न! त्याला झटपट, हमखास रीत सापडली तर तसल्याच असंख्य अवघड प्रश्नांनाही सापडेल, असं स्टीफन कुक या गृहस्थांनी 1971 साली दाखवलं. रीत मात्र अजून कुणाला सापडलेली नाही.

"मग करता काय तुम्ही लोक?"

"आधी निवडतो. आई न निवडता तांदूळ शिजवते का?"

निवडण्याच्या काही युक्त्या डेव्हिस आणि पटनम यांनी 1960 सालीच लिहून ठेवल्यात. 2005 साली तर 'सॅटेलाइट' नावाचा एक प्रोग्रॅम आला. तो नुसता निवडून देतो, शिजवणारा दुसरा. (आमच्याकडे दोन्ही कामं एकटी हीच करते.)

मुलीने लाल पेन्सिल घेतली. बँडला विरोध नाही, 'हो' लिहा, काट. मामाजींची अट पाळली की चिरंजीवांची आपोआप पाळली जाते, काट. "आता ज्या अटीत 'किंवा' नाही, ती आधी खरी धरायची." ती अट तिची स्वतःचीच होती: काका मांडवात हवेतच. काका आले म्हणताच आत्याबाई खूश, काट. आता काकांचा निरोप: "दादा स्वतः बोलवायला आले तरच येईन." म्हणजे दादा जाणार. चार पानं भराभर लाल झाली आणि एकच ओळ उरली. अक्षर माझं होतं.

'मी त्याच्या दारात जाणार नाही.'

बांधाच्या दीड हातावरून चार वर्षं झाली होती.

"बाबा, अडलंय ते इथे. बाकीची मंडळी बिचारी समजूतदार आहेत."

ही सूप घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "सापडला वाटतं खडा."

मी चपला घातल्या.

धाकट्याने दार उघडलं, बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "बस." भावजयीने चहा आणला. कपातला चहा संपला तरी दोघंही कपातच बघत होतो. शेवटी तो म्हणाला, "येतो. पण माझी एक अट आहे."

"थांब," मी म्हटलं, "पोरीला विचारून सांगतो."