संचालकाची खुर्ची आणि जळालेली डीपी

चांदूर रेल्वेच्या शिवारात हरभऱ्याच्या ओलिताच्या ऐन दिवसांत डीपी जळाली, पऱ्हाटीच्या बांधावर काळं ऑइल सांडलेलं दिसलं, की वाटतं, वीज शेतकऱ्यांच्याच संस्थेकडे हवी. मग श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था आठवते. तिची वीजखरेदीची थकबाकी फुगत गेली आणि २०११ साली तिच्या भागातलं वितरण महावितरणकडे गेलं. कुणी म्हणेल, कृषिपंप जास्त, त्यांचे दर कमी. संस्थेचा काय दोष? मुद्दा खरा आहे. पण विकत घेतलेल्या विजेचे पैसे चुकत नाहीत. आणि वसुलीसाठी, ज्याचं मत मागायचं त्याचीच जोडणी तोडणं संचालकाला जड जातं. म्हणूनच वसुलीचा नियम निवडणुकीआधी आमसभेनं ठरवावा आणि प्रत्येक डीपीचा वापर-वसुलीचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा.