दोन जीबीचे कार्ड आणि आजींचा फोटो

आमच्या विहाराच्या लोखंडी कपाटात एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. मंडळाने 2006 साली वर्गणी काढून घेतलेला, सहा मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. तो घ्यायला कारण झाला 26 जुलै 2005 चा पूर. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला हे सर्वांनी पेपरात वाचले. इकडे उल्हास नदी बदलापुरात शिरली आणि वालधुनी उल्हासनगरात. भांडीकुंडी गेली ती हप्त्याहप्त्याने पुन्हा झाली. लग्नाचे फोटो, मयत माणसांचे फोटो, शाळेचे दाखले यांचा मात्र लगदा झाला. घरोघरी जे काही उरले आहे त्याचे फोटो काढून ठेवायचे, असे आम्ही चार-पाच कार्यकर्त्यांनी तेव्हा ठरवले. नोकरी सांभाळून रविवारी हे काम आम्ही आजवर करीत आलो. 2019 च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हा पुन्हा तीच पिशवी खांद्याला लावून आम्ही फिरलो.

आता मुले म्हणतात, हातात मोबाइल असताना हे डबडे कशाला? त्यालाही कारण आहे. मोबाइल मुलीचा, तो कॉलेजला जातो. शिवाय आयाबाया विचारतात, "भाऊ, फोटो व्हॉट्सॲपवर फिरणार नाही ना?" कॅमेऱ्याचे कार्ड कपाटात राहते, किल्ली आमच्याकडे असते. एवढ्या भरवशावर त्या ट्रंक उघडतात.

मागच्या उन्हाळ्यात कॅमेऱ्याचे जुने कार्ड बंद पडले. आम्ही ऐटीत नवे 32 जीबीचे आणले. घातल्याबरोबर पडद्यावर 'कार्ड एरर'. वाटले कॅमेराच गेला. पण दोष दोघांचाही नव्हता. आम्ही बीकॉम, तेव्हा हिशेबाच्या भाषेत सांगतो. एसडी कार्ड 1999 साली पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी मिळून काढले. त्याची हद्द दोन जीबी. जुन्या कॅमेऱ्याच्या रोखवहीत रकमेचा रकानाच तेवढा छापलेला. 2006 साली एसडीएचसी ही नवी जात निघाली, 32 जीबीपर्यंतची, आणि 2009 साली त्याहून मोठी एसडीएक्ससी. त्यांची जागा मोजायची रीत निराळी. दिसायला सारखीच, खाचेत बसतातही बरोबर, पण जुन्या कॅमेऱ्याला त्यांचा आकडा वाचता येत नाही. नव्या कॅमेऱ्यात जुने कार्ड मात्र चालते. कार्डावर बारीक अक्षरांत नुसते 'एसडी' लिहिले आहे की 'एचसी', 'एक्ससी', ते दुकानातच वाचावे.

तर दोन जीबीचे हवे. एका स्टेशनाबाहेरच्या फूटपाथवर शंभर रुपयांना मिळाले. वर दोन जीबी छापलेले, झकपक पाकीट. आम्ही खूश.

पुढच्याच रविवारी अंबरनाथला एका आजींकडे गेलो. पुराच्या वेळी त्या बदलापुरात राहत, आता मुलाकडे असतात. त्यांचे मालक काडेपेटीच्या कारखान्यात होते. त्यांचा एकुलता एक फोटो फ्रेममध्ये भिजून काचेला चिकटून सुकलेला. असा फोटो कधीही ओढून काढू नये, काचेतूनच त्याचा फोटो घ्यावा, हे एका स्टुडिओवाल्याने आम्हांस पूर्वीच सांगितले होते. खिडकीकडे तिरपी धरून, काचेची चमक टाळून आम्ही तो घेतला. पडद्यावर छान दिसला. आजी म्हणाल्या, "आता मला घोर न्हाई."

तीन आठवड्यांनी विहाराच्या अभ्यासिकेतील संगणकावर कार्ड लावले. 176 फोटो उघडले. पुढे नावे होती, फोटो नव्हते. एका फोटोला 2.8 एमबी धरा, गुणाकार करा, पाचशे एमबीच्या आत भरते. दोन जीबीच्या कपड्यात पाचशे बारा एमबीचे कार्ड होते! अशा कार्डाला खोटे बोलायला शिकवलेले असते. भरले तरी ते 'जागा आहे' म्हणून सांगत राहते. आणि काढल्या काढल्या पडद्यावर जो फोटो दिसतो, तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या स्मृतीतला असतो. तो कार्डात उतरला की नाही, हे त्यावरून कळत नाही. आजींचा फोटो 203 नंबरचा होता.

धावत अंबरनाथ गाठले, म्हटले पुन्हा घेऊ. मुलगा म्हणाला, "फोटो निघालाय ना, मग नवी फ्रेम करू म्हणून मी तो काचेवरून सोडवला. फाटला." आम्ही मान वर केली नाही.

उल्हासनगरच्या मालावरच्या 'मेड इन यूएसए'ची थट्टा सगळे करतात, पण आम्हांस खरा मार्ग उल्हासनगरच्याच एका सिंधी दुकानदाराने दाखवला. म्हणाला, "साहब, घर में पुराना नोकिया पडा है क्या?" होता. गाण्यांसाठी त्यात घातलेले दोन जीबीचे मायक्रो कार्ड तसेच होते. चाळीस रुपयांचा अडॅप्टर त्याने दिला, कार्ड त्यात बसवले, कॅमेऱ्याने मुकाट घेतले. नव्याजुन्या कार्डांवर आम्ही साडेपाचशे रुपये घालवले होते, काम चाळिसात झाले. अडॅप्टरच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो खाली सरकला की कार्ड फोटो घेत नाही. त्यावरून आम्ही आणखी एक संध्याकाळ घाबरलो, ते सोडा. गाणी आधी संगणकावर उतरवून घेतली आणि मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केले. वेगाचे मोठे आकडे छापलेल्या कार्डांना जास्त पैसे देण्यात अर्थ नाही, जुना कॅमेरा आपल्याच चालीने चालतो. सोनीचे जुने कॅमेरे मेमरी स्टिक घेतात, ऑलिंपस-फुजीचे कित्येक एक्सडी कार्ड घेतात. म्हणून बाजारात जाताना कॅमेरा पिशवीत न्यावा.

या खेपेस घाई केली नाही. भिंतीचे, पंख्याचे, मांजराचे असे फोटो कार्ड भरेपर्यंत काढले, साडेसहाशेच्या वर निघाले. ते सगळे संगणकावर उघडून पाहिले आणि पुसले. मुले हसत होती.

मग आजींकडे गेलो. कार्डाचे खरे ते सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पलंगाखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच काढली. "टाकू दिली न्हाई मी," म्हणाल्या. काचेवर कपाळ, एक डोळा आणि टोपीची कड राहिली होती. फाटक्या कागदावर हनुवटी, कॉलर, खिशाला लावलेले पेन. दोन्हींचे वेगवेगळे फोटो घेतले. अभ्यासिकेतील एका मुलाचा लॅपटॉप बरोबर नेला होता, तिथेच आजींसमोर उघडून दाखवले. दोन्ही तुकडे जोडायचे काम अंबरनाथच्या एका फोटोवाल्याने घेतले आहे. दुसऱ्या डोळ्याचे काय करायचे, असे त्याने विचारले. आजी म्हणाल्या, "धाकल्याचा बघ, तसाच हाय." पुढच्या रविवारी धाकट्याला घेऊन जायचे आहे.