ओढणारी बाजू

‘निदान’ हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. वैद्याच्या तोंडी तो रोगाचे मूळ सांगतो. एरवीच्या बोलण्यात ‘किमान’ एवढ्यावरच त्याची बोळवण होते. ही फारकत आम्ही वर्गात कितीदा तरी शिकवली असेल. पहिल्या अर्थाचे प्रात्यक्षिक मात्र पाहायला मिळाले ते कळमनुरीतल्या एका गॅरेजात, आणि त्याला निमित्त झाली आम्हा दोघा सहकाऱ्यांच्या सामाईक मालकीची जुनी मोटार.

तिचा विकार असा, की ब्रेक दाबला की ती उजवीकडे ओढायची. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डावीकडून चालतात, त्यामुळे ही ओढ थेट समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाणारी. हळदीच्या हंगामात हिंगोली-नांदेड रस्त्यावर भरलेल्या ट्रॉल्या एकामागून एक येत असताना तिचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. एका मोठ्या वर्कशॉपने चाकांचे अलाइनमेंट करून दिले, संगणकाचा रंगीत कागदही हाती ठेवला. खर्च झाला, ओढ राहिली. वस्तुतः अलाइनमेंटचा दोष असता तर गाडी ब्रेक न लावताही, सरळ रस्त्यावर भरकटली असती.

कळमनुरीच्या मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी हवेचा दाब पाहिला. दोन्ही पुढच्या टायरांत तो सारखा होता. मग त्यांनी विचारले, “सर, ओढती ती ब्रेक मारल्यावर, का सोडल्यावर?”

व्याकरण शिकवणाऱ्यांना क्रियापदाचा काळ असा कोणी विचारावा, याचे आम्हांस कौतुक वाटले. उत्तर होते, दोन्ही वेळा. पण मारताना उजवीकडे आणि सोडल्यावर क्षणभर डावीकडे. “मग डाव्या चाकाचं बघू,” ते म्हणाले.

उजवीकडे ओढणाऱ्या गाडीचे डावे चाक का बघायचे, हे ज्यांनी बैलगाडी वळताना पाहिली आहे त्यांना चटकन उमगेल. ज्या अंगाचा बैल आवरून धरावा, त्याच अंगाला गाडी वळते. ब्रेकचेही तसेच. उजवे चाक नीट धरते आणि डावे ढिले राहते, म्हणून गाडी उजवीकडे फिरते. लक्षण उजवीकडे दिसते, दोष बहुधा डावीकडे असतो. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण, हे नेहमीच खरे नसते. कॅलिपर जाम होऊन एखादे चाक सतत धरून राहिले तर ओढणारी बाजूच दोषी ठरते. खालच्या आर्मचे रबरी बुश झिजले असले तरी ब्रेकच्या जोराने चाक जागचे हलते.

आयुर्वेदातील निदानपंचकात ‘उपशय’ नावाचे एक अंग आहे. लक्षणांवरून रोग ठरत नसेल तर उपाय योजून पाहायचा आणि गुण येतो की त्रास वाढतो त्यावरून रोग ओळखायचा. माधवकरांच्या ‘रोगविनिश्चय’ या ग्रंथात, ज्याला सारे ‘माधवनिदान’ म्हणून ओळखतात, ही पाचही अंगे दिलेली आहेत. मिस्त्रींनी तो ग्रंथ पाहिलेला असण्याचे कारण नाही, पण त्यांनी केले ते हेच. पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलली, ब्रेक दाबून सोडायला लावला. उजवे चाक हाताने सहज फिरले. डावे अडून बसले. आता दोन शक्यता उरल्या: कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकला असेल, किंवा ब्रेक ऑइल परत फिरत नसेल. त्यांनी डाव्या कॅलिपरचा निपल किंचित सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले. पिस्टन अडकलेला असता तर निपल उघडून काही फरक पडला नसता. दाब आत कोंडला होता. पुन्हा ब्रेक दाबून या वेळी होस पाइपच्या अलीकडचा, धातूच्या नळीचा सांधा सैल केला. चाक अडलेलेच राहिले. म्हणजे अडथळा होसमध्येच.

तो होस बाहेरून अगदी धडधाकट दिसत होता. कापल्यावर कळले, आतले रबर फुगून वाट बुजली होती. दाबताना ऑइल उशिरा पोचे, म्हणून डावे चाक मागे पडे; सोडल्यावर उशिरा परते, म्हणून तेच चाक धरून राही. दोन उलट दिशांच्या तक्रारींचे कारण एकच निघाले. एकाच कवितेतील दोन विसंगत ओळी एका अन्वयार्थाने जुळाव्यात, तसा काहीसा आनंद आम्हांस झाला. मिस्त्रींना तो झाल्याचे दिसले नाही; ते नवा होस आणायला मुलाला पाठवत होते.

“दोन आण,” ते म्हणाले. उजवा चांगला असताना कशाला, असे आम्ही विचारले. एक नवा आणि एक जुना ठेवला तर पुन्हा दोन्ही बाजूंचे जमायचे नाही, आणि उजवाही त्याच वयाचा आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. मग त्यांनी सारे ऑइल बदलले, चारही चाकांची हवा काढली आणि डब्याचे झाकण घट्ट लावले. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते.