प्रॉडक्शन घेतलेल्या भाचीस

चि. छकुलीस,


इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर मिळत असताना तू प्रॉडक्शन घेतलंस म्हणून तुझ्या आईनं अबोला धरलाय म्हणे. तिची समजूत मी काढतो.

पहिल्याच वर्षी फिटिंग शॉपमध्ये हातात कानस देतील. लोखंडाचा तुकडा काटकोनात आणता आणता तळहाताला फोड येतील, सीएनसीच्या जमान्यात हे कशाला, असंही वाटेल. वाटू दे. घासून गेलेलं परत चिकटत नाही, हे हाताला तिथंच कळतं.

खरी गंमत मेट्रॉलॉजीत, म्हणजे मोजमापाच्या शास्त्रात आहे, आणि नेमका तोच विषय मुलं ऑप्शनला टाकतात. ड्रॉइंगवर २५ एच७ दिसेल. म्हणजे भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर, मधलं काहीही चालेल. त्यात जी६ चा शाफ्ट बसवायचा तर तो २४.९८० ते २४.९९३. सगळ्यात घट्ट जोडीतही ७ मायक्रॉनची फट उरते, सगळ्यात सैल जोडीत ४१. शाळेत उत्तर बरोबर की चूक एवढंच होतं. इथं किती चुकलं तर चालेल हे आधी ठरवायचं, आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक मोजतं. ही मुभा, म्हणजे टॉलरन्स, उगाच आवळलीस की लेथवर संपणारा जॉब ग्राइंडरवर जातो. भिंतीला ठोकायच्या ब्रॅकेटवर शाफ्टचा टॉलरन्स टाकलेली ड्रॉइंगं आमच्याकडे येतात! काढणारा कधी मशिनपाशी उभा राहिलेला नसतो.

सुट्टीत कोल्हापूरला ये. उद्यमनगरात ओतकामाचे नमुने बनवणाऱ्या पॅटर्नवाल्याकडे नेतो. त्याची पट्टी मुद्दाम खोटी असते. बिडाचं ओतकाम थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून तिच्यावरचा मीटर तेवढा लांब. पोलादाची पट्टी वेगळी, ते जवळजवळ दुप्पट आकसतं. वर मशिनिंगसाठी माल ठेवायचा, वाळूतून पॅटर्न अलगद निघावा म्हणून बाजूंना उतार द्यायचा. म्हणजे हवा तो आकार मिळवायला आधी न जुळणारा आकार बनवायचा. पुस्तकात हे अर्ध्या पानात उरकलेलं असतं.

पॅकेजचं तुझ्या बाबांनी विचारलंय. सुरुवातीला कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा कमीच मिळतं, खोटं कशाला सांगू?

आणि वर्कशॉपला जाताना केस घट्ट बांध. लेथजवळ ओढणी अजिबात नको, मास्तर काही बोलले नाहीत तरी.

तुझा,
मामा