सुट्टीत मुलांना एकत्र वाजवू द्या

मैत्रिणींनो, आपल्या वऱ्हाडात मे महिना म्हणजे कुरड्या-पापडांची घाई, खिडकीत कूलरची घरघर आणि दहा वाजल्यापासून घरात कोंडलेली मुलं. ज्या घरी पेटी, तबला किंवा व्हायोलिन आहे, तिथे आणखी एक काम वाढतं, ते म्हणजे 'रियाज कर' म्हणून मागे लागायचं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या मूल चढतं खरं, पण बहुतेक वेळ एकटंच.

माझं माहेर अमरावतीचं, सासर अकोल्याचं. मध्यमेपर्यंत पेटी शिकले आणि लग्नानंतर ती कपाटावर गेली. तुमच्यापैकी कितीजणींची अशीच गेली असेल! घरात कुणी मनाई केली नव्हती हो. पण परीक्षा संपल्या, गुरुजी लांब राहिले. आपल्या सुरासाठी कुणी खोळंबलेलं नाही म्हटल्यावर हात आपोआप थांबला.

म्हणूनच मला उन्हाळी वाद्यवृंदांचं अप्रूप वाटतं. अमेरिकेत टँगलवुडला १९४० साली असं शिक्षणकेंद्र सुरू झालं. तरुण वादक तिथे उन्हाळ्यात काही आठवडे राहून एकत्र वाजवायला शिकतात. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५८ साली तिथे होते. अशा वृंदात व्हायोलिनचे दोन गट असतात, पहिला आणि दुसरा. मुख्य चाल बहुधा पहिल्याकडे, दुसरा खालून आधार देतो. तो थांबला की चाल उघडी पडते. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं समजवायला नको!

तुम्ही म्हणाल, हे साहेबी संगीत. आपल्या रागदारीत ज्याचा तो गातो-वाजवतो. पण मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी १९१८ च्या सुमारास अनाथ मुलांना हाताशी धरून रागांवरचा वाद्यवृंद उभा केलाच की! बंदुकीच्या नळ्यांपासून त्यांनी त्यासाठी नलतरंग बनवला. मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली निघाला, तेव्हा बरेच वादक परदेशातून आणावे लागले. इथली मुलं तयार व्हावीत म्हणून २०१२ साली त्यांनी शाळाच काढली. आणि आपल्याला तर एकत्र वाजवायची सवय जुनीच. तुकडोजी महाराजांची खंजिरी नि भजनी मंडळं वऱ्हाडात कुणाला ठाऊक नाहीत?

तर यंदा एवढं करून पाहा. गल्लीतली, क्लासमधली पाच-सहा मुलं जमवा. सकाळी सात ते साडेआठ, ऊन चढायच्या आत. सगळ्यांचा षड्ज एकच ठरवा, समजा काळी एक. व्हायोलिन आणि तबला त्यालाच लावून घ्या. भूपाची सोपी सरगम, तीनताल, लय अगदी संथ. दोघांनी चाल वाजवायची, दोघांनी नुसता सा-प धरायचा, एकाने टाळीवर सोळा मात्रा मोजायच्या. दर दोन दिवसांनी कामं बदला, म्हणजे रुसवेफुगवे होत नाहीत. शेवटच्या दिवशी आजी-आजोबांना बसवून ऐकवा, वर पन्ह्याचा पेला!

आणि मुलींना आवर्जून बोलवा. 'उद्या तू आली नाहीस तर आमचं अडेल गं' हे वाक्य मुलीच्या कानावर लहानपणी पडलं, तर पुढे कुठल्याही घरी गेली तरी ती वाद्य सहजासहजी खाली ठेवणार नाही.