बाईंच्या वहीतली याडी

दिवाळी झाली की आमचा तांडा निम्मा ओस पडायचा. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला आई-बापू बीडहून वाळवा तालुक्यात ऊसतोडीला निघायचे. १९९६ साली मी दुसरीत होते. कारखान्याजवळच्या रानात आमच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या. पहाटे ते दोघं फडात गेले की धाकट्या भावाला मी सांभाळायची.

एक दिवस जिल्हा परिषद शाळेच्या बाई चालत कोप्यांवर आल्या. आई म्हणाली, दाखला नाही. गावच्या शाळेनं दिलाच नव्हता. चार महिन्यांत परत येणार, मग दाखला कशाला, असं म्हणून दोनदा हात हलवत परत पाठवलं होतं. बाई म्हणाल्या, "दाखल्याचं मी बघते. पोरीला पाठवा, आणि भावालाही घेऊन येऊ दे."

भाऊ मांडीवर घेऊन मी वर्गात बसले. घरात आमची गोरमाटी बोली, त्यामुळे मराठी कळायची पण तोंडातून फुटायची नाही. बाईंनी चित्र दाखवून विचारलं, "ही कोण?" मी म्हणाले, "याडी." वर्ग हसला. बाईंनी फळ्यावर 'आई' लिहिलं, त्याखाली 'याडी', आणि सगळ्यांकडून दोन्ही म्हणून घेतलं. मग मला विचारलं, भाकरीला काय म्हणता? 'बाटी'ही फळ्यावर चढली. त्या दिवसापासून बाई एका वहीत माझे शब्द उतरवून घ्यायच्या आणि चुकलं की मलाच विचारायच्या. शाळेत कुणी मला काही विचारावं, हे मला नवीन होतं. मी बोलायला लागले ती तिथून.

मार्चअखेर पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. निघताना बाईंनी चिठ्ठी दिली : कुठले धडे झाले, पाढे कितीपर्यंत येतात, वजाबाकीत कुठं अडते. त्या चिठ्ठीवर गावात मला तिसरीत बसवलं. पुढच्या वर्षी मुकादम बदलला, कारखानाही बदलला. बाई परत भेटल्या नाहीत.

दाखल्यावाचून प्रवेश अडवायचा नाही, मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं, असं २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला. बाईंनी ते त्याआधी चौदा वर्षं केलं होतं.

आता मीही शिक्षिका आहे. माझ्या सहकाऱ्यांनो, हंगामात एकदा कोप्यांवर जाऊन या. दाखला नसलेलं पोर दारात आलं तर आधी त्याचं नाव विचारा, आणि मग घरी आईला काय म्हणतं ते विचारा.