सांकेतिक भाषा : चूक कोणाची?



शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीचे 50 प्रश्न, 100 गुण. त्यात मुलं हमखास अडखळतात ती सांकेतिक भाषेत. माझी शाळा महाड-पोलादपूर भागातली, म्हणून सरावाला गावांचीच नावं घेतो.

एकदा फळ्यावर लिहिलं : 'महाड' म्हणजे 'डहाम', तर 'रायगड' म्हणजे काय? पर्याय दिले नव्हते. माझं उत्तर 'डगयरा', सगळी अक्षरं उलट क्रमाने. एका मुलीने 'डयगरा' लिहिलं. मी फुली मारली.

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. "सर, म नि ड नी जागा बदलल्या, हा तिथंच राहिला. म्हणून मी रा नि ड च बदलले."

मी गप्प. तिचं बरोबर होतं! तीन अक्षरी शब्दात मधलं अक्षर हलतच नाही, त्यामुळे दोन्ही नियम लागू पडतात. चूक माझ्या प्रश्नात होती. वर्गासमोर तसं सांगितलं, फुली खोडली आणि दुसरं उदाहरण जोडलं : 'पोलादपूर' म्हणजे 'रपूदलापो'. आता नियम एकच उरला.

तेव्हापासून मुलांना तीन पायऱ्या सांगतो. अक्षरांखाली क्रमांक लिहा (काना-मात्रा अक्षरासोबतच जाते). नियम शोधा. दुसऱ्या उदाहरणावर पडताळा, मगच उत्तर लिहा.

आणि तुम्हाला एक विनंती. फुली मारण्याआधी मुलाला विचारा, "हे कसं काढलंस रे?"